एकाच स्टुलाचे मिस्त्री

मिस्त्री कुणाच्या घरी मापं घ्यायला गेले की लगेच टेप काढायचे नाहीत. चहा येईपर्यंत गप्पा मारत बसायचे आणि घरातली माणसं कशी वावरतात ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे. एका घरी नवरा ताडमाड आणि बायको ठेंगणी. नवऱ्याने सांगितलं तेवढ्याच उंचीचं कपाट मिस्त्रींनी करून दिलं, पण रोज लागणाऱ्या फळ्या वीतभर खाली घेतल्या. नवऱ्याला वर्षभर पत्ता नव्हता. बायकोला पहिल्याच दिवशी कळलं, पण तीही काही बोलली नाही. फक्त नंतरच्या प्रत्येक कामाला तिने मिस्त्रींनाच बोलावलं.

आसपासच्या पाच-सहा गल्ल्यांत त्यांच्या हातची दारं, पलंग, कपाटं होती. काम सांगायचं तर फोन करायचा, नाहीतर येता-जाता खिडकीतून हाक मारायची. घराच्या तळमजल्यावरची लांबट खोली हेच त्यांचं वर्कशॉप. रस्त्याकडे एक मोठी खिडकी, तिच्याखाली काम करायचा लाकडी ठोकळा, आणि मागच्या दाराने घरात शिरायची वाट. बायको तिथेच जमिनीवर बसून पॉलिश करायची. तिचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मिस्त्रींनी उरल्यासुरल्या फळीतून तिला एक बसकं स्टूल करून दिलं. तिच्या बसण्याच्या हिशोबाने मधोमध हलका खळगा कोरला, पाय जरा फाकवले. फळीच्या डाव्या कडेला एक काळी गाठ होती. ती टाळायची तर फळी पुरत नव्हती, म्हणून राहू दिली.

त्यांची एकुलती एक लेक एका ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला होती. इंटरनेट तेव्हा नुकतंच घराघरांत शिरत होतं. फोनची वायर काढून कॉम्प्युटरला जोडायची, मग ते यंत्र काही वेळ किंचाळायचं आणि पडद्यावर एखादं चित्र इंचाइंचाने खाली उतरायचं. लेकीने एका रविवारी ऑफिसातला कॅमेरा मागून आणला आणि आईच्या स्टुलाचा फोटो काढला. स्टूलच का, तर खोलीतली तेवढी एकच वस्तू तिला एकटीला उचलून उजेडात नेता आली. त्या फोटोखाली बाबांच्या कामाबद्दल आणि असं स्टूल मागवता येईल म्हणून चार ओळी लिहून तिने त्याचं इंटरनेटवर पान तयार केलं.

मिस्त्रींना ती गंमतच वाटली. न बघता, न बसता स्टूल कोण घेईल, असं ते म्हणाले, आणि दोन महिने त्यांचंच खरं ठरलं. मग कॉम्प्युटरवर एक पत्र आलं. पाठवणारा ज्या गावचा होता ते गाव नकाशात शोधायला बापलेकीला अर्धा तास लागला. त्याच्या मागोमाग दुसरं आलं. कुणीतरी आपल्या पानावर त्या स्टुलाचं कौतुक लिहिलं, आणि मग मागण्यांची रीघच लागली. वर्ष उलटायच्या आत लेकीने नोकरी सोडली. पत्रांना उत्तरं देणं, खोकी बांधणं, पत्ते चिकटवणं, हे सगळं तिने अंगावर घेतलं. बाबांचं काम जगभर जातंय म्हणून ती हरखून गेली होती. मिस्त्रीही खूश होते. खोटं कशाला सांगा. ज्या लेकीला हातोडी धरता येत नव्हती तिनेच आपला धंदा उभा केला, असं ते लाकडाच्या वखारीत चारचौघांना सांगायचे.

पहिली तक्रार आली तेव्हा ते पोट धरून हसले. स्टूल सुंदर आहे, पण चित्रात डाव्या बाजूला गाठ आहे ती माझ्या स्टुलाला नाही, बदलून मिळेल का, असं गिऱ्हाइकाने विचारलं होतं. तशीच तिसरी, पाचवी तक्रार आली तसं हसू ओसरलं. मिस्त्री वखारीत जाऊन गाठीच्या फळ्या निवडायला लागले. वखारवाला म्हणाला, ''गाठीची फळी गळ्यात मारतो म्हणून वीस वर्षं माझ्याशी भांडलात. आता गाठ नसली तर भांडता. माणसाने वागायचं तरी कसं?''

एकदा त्यांनी लेकीला सांगितलं, गिऱ्हाइकांना उंची तरी विचार, वजन विचार, म्हणजे खळगा आणि पाय त्या बेताने करता येतील. तिने विचारलंही. बहुतेकांनी कळवलं, चित्रातल्यासारखंच पाठवा.

मग सोमवारी फळ्या कापायच्या, मंगळवारी गोल पटाशीने खळगे कोरायचे, बुधवारी पाय बसवून पाचरी ठोकायच्या, गुरुवारी बायकोने पॉलिशला घ्यायचं आणि शुक्रवारी खोकी बांधायची. सोमवारी पुन्हा फळ्या. जे स्टूल त्यांनी एका बाईचं बसणं बघून केलं होतं, त्यावर आता कधी न पाहिलेली माणसं बसत होती. मिस्त्रींच्या हातांना ते इतकं पाठ झालं की टेप खुंटीवरच लटकून राहिला. खोक्यांना जागा पुरेना तेव्हा ती खिडकीशी रचली. रचता रचता खिडकी झाकली गेली आणि दिवसाही दिवा लावायची वेळ आली.

बाहेरून हाका येणं त्याआधीच थांबलं होतं. मिस्त्रींना वाटलं, लोकांना सध्या कामं नसतील.

एके दिवशी मागच्या दाराने शाळेच्या बाईंची शेजारीण आत आली. या बाईंनी लेकीला चौथीत शिकवलं होतं; आता निवृत्त, दोन गल्ल्यांपलीकडे एकट्याच राहायच्या. त्यांनी निरोप धाडला होता. चार दिवस फोन लावताहेत पण सारखा एंगेज, आणि खिडकीतून हाक मारावी तर तिथे खोक्यांची भिंत. मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. फोनची वायर कॉम्प्युटरला लागलेली होती. ती सकाळी लावली की संध्याकाळीच निघायची. गल्लीतल्या किती जणांनी फोन लावून लावून नाद सोडला असेल, हे त्यांच्या त्या क्षणी ध्यानात आलं.

ते तसेच उठून बाईंकडे गेले. बाई पडल्या होत्या, खुब्याचं हाड जोडून घेऊन महिना झाला होता. बसता येत होतं, पण खुर्चीतून उठताना कुणीतरी ओढायला लागायचं. मिस्त्रींनी त्यांना दोनदा बसवलं, दोनदा आधार देऊन उठवलं. हात कुठे टेकू पाहतात, कुठला पाय आधी मागे घेतात, सगळं पाहिलं. मग टेप काढला. दोन वर्षांनी ते कुणाचं तरी माप घेत होते. बैठक जरा उंच, आखूड, आणि हात पुढपर्यंत आलेले, म्हणजे जोर देता येईल. खुर्ची त्यांना आख्खी डोळ्यांपुढे दिसली. पुढच्या रविवारी आणतो, असं सांगून ते घरी आले ते जवळजवळ पळतच.

लेक दारातच उभी होती. एका मोठ्या दुकानाने एकदम साठ स्टुलं मागवली होती, महिन्याच्या मुदतीत.

''बाईंची खुर्ची आधी करतो,'' मिस्त्री म्हणाले.

''बाबा, मी हो म्हणून कळवून टाकलंय.''

तिने ते इतक्या आनंदात सांगितलं की मिस्त्रींनी खुर्चीचा विषय तिथेच सोडला. नोकरी सोडून बसलेली पोर. त्या रात्री खुर्चीचे चार पाय तेवढे कापून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवले. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. लेकीलाही बाईंची काळजी होतीच. बाबांना सवड नाही हे तिला दिसत होतं, म्हणून तिने इंटरनेटवर शोधून, वयस्कर माणसांसाठी म्हणून विकली जाणारी एक खुर्ची परस्पर बाईंच्या पत्त्यावर मागवली. बाबांच्या डोक्यावरचा भार तेवढाच हलका होईल, असं तिला वाटलं. सांगायचं मात्र कामाच्या धबडग्यात राहून गेलं.

चौथ्या रविवारी साठातली शेवटची दहा स्टुलं बाकी असताना मिस्त्री ते चार पाय, थोड्या फळ्या आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. उरलेली जोडणी बाईंसमोरच करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दार शेजारणीने उघडलं. बाई खिडकीशी, नव्याकोऱ्या गुबगुबीत खुर्चीत बसल्या होत्या. पाठीमागे दोन उशा, खाली घडी घातलेलं पांघरूण. मिस्त्रींना बघून त्या उठायला गेल्या. खिडकीचा गज धरून दोनदा झटका दिला, तिसऱ्यांदा शेजारणीने काखेत हात घातला.

''तुमच्या लेकीने पाठवली,'' बाई धापा टाकत म्हणाल्या. ''किती आठवणीने पाठवली. तिला यातलं काही सांगू नका हं, मिस्त्री. वाईट वाटेल तिला.''

नवी खुर्ची केली तर लेकीला कळणार, आणि न करावी तर बाई रोज त्या गजाला लोंबकळणार.  मिस्त्रींनी ती गुबगुबीत खुर्चीच उलटी केली. आपल्या चार पायांचे तुकडे कापून तिच्या पायांखाली घट्ट बसवले, बैठकीच्या मागे फळी घालून खोली कमी केली, हातांवर पुढे आलेले दोन ठोकळे जोडले. शिसवी लाकडाची ठिगळं लावलेली ती खुर्ची दिसायला विचित्र झाली. पण बाई तिच्यात बसल्या, ठोकळ्यांवर तळवे टेकले आणि एकट्या उठल्या. मग पुन्हा बसल्या आणि पुन्हा उठल्या, लहान मुलांसारख्या.

घरी येईपर्यंत दुपार कलली होती. लेक एकटीच पाचरी ठोकत बसली होती. तिने दोन पाचरी तिरक्या घातल्या होत्या आणि अंगठ्यावर एक घाव घेतला होता.

''कुठे होता बाबा?''

''बाईंकडे. खुर्ची दुरुस्त केली.''

''मोडली? नवीच होती ना ती?''

मिस्त्रींनी तिच्या हातातली हातोडी घेतली. बाईंचा शब्द मोडायचा नव्हता, आणि लेकीशी खोटं बोलायची सवय नव्हती. मोडली नव्हती, एवढंच ते म्हणाले, आणि न मोडलेली खुर्ची दुरुस्त का करावी लागली हे लेकीला समजलं. तिने अंगठा दाबून धरला. मग म्हणाली की सकाळी डोळे उघडले की तिला आधी न वाचलेली पत्रं दिसतात, गेल्या सहा महिन्यांत ती एकाही मैत्रिणीला भेटलेली नाही, आणि हे थांबवावं असं मनात आलं तरी नोकरी परत मिळणार नाही हे तिला ठाऊक आहे.

''मला वाटत होतं, तुम्हाला हे आवडतंय,'' ती म्हणाली.

''मला वाटत होतं, तुला आवडतंय,'' मिस्त्री म्हणाले.

दोघंही त्यावर हसले नाहीत. दहा स्टुलं सोमवारी जायची होती, म्हणून तिरक्या पाचरी उपटून मिस्त्रींनी नव्या ठोकल्या. काम करता करताच ठरलं की गुरुवारी दुपारी मिस्त्रींनी स्टुलाला हात लावायचा नाही. पिशवी घ्यायची आणि पूर्वीसारखं लोकांच्या घरी जायचं. दुकानाकडून येणारी पुढची मागणी लेक त्या बेतानेच घेणार होती.

पहिल्या गुरुवारी मिस्त्रींनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, कानामागे पेन्सिल खोवली आणि निघाले. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कुणी बोलावलेलंच नाही. तरी ते चालत राहिले. आपल्याच हातची दारं दिसली की थांबून बघायचे. एका दाराचा खालचा कोपरा फुगून जमिनीला घासत होता. त्यांनी कडी वाजवली. आतून आलेल्या तरुण भाडेकरूने नम्रपणे सांगितलं की हे दार काढूनच टाकणार आहेत, नवीन मागवलंय, दोन दिवसांत येईल. ताडमाड नवरा आणि ठेंगण्या बायकोचं घर बंद होतं. ते जोडपं मुलाकडे राहायला गेलं, असं वरच्या मजल्यावरून कुणीतरी सांगितलं. आणखी दोन घरी चहा झाला, विचारपूस झाली. एकीकडे नवं कपाट चकचकत उभं होतं. मिस्त्रींनी त्याचं कौतुक केलं. फोन लागत नव्हता तुमचा, असं घरमालकीण ओशाळून म्हणाली.

चार वाजता ते परतले. लेकीने पत्रातून डोकं वर काढलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी उत्सुकता होती की त्यांच्या तोंडून आपसूकच निघून गेलं, ''दोन ठिकाणी मापं घेतली. पुढच्या वेळी नक्की करायचं म्हणतात.''

''बघा, मी म्हटलं नव्हतं?'' लेक म्हणाली, आणि आईला सांगायला आत धावली. मिस्त्रींनी शर्ट बदलला, ठोकळ्यावरची अर्धवट फळी ओढली आणि गोल पटाशी हातात घेतली.

पुढच्या गुरुवारी जेवण आटोपायच्या आधीच तिने पिशवी भरून दाराशी आणून ठेवली होती. टेप, रंधा, करवत, सगळं पुसून लखलखीत केलेलं. उशीर नका करू बाबा, लोक वाट बघत असतील, असं म्हणून तिने दार उघडून धरलं. मिस्त्रींनी पिशवी उचलली. तीन तास कुठे काढायचे याचा विचार करत ते पायऱ्या उतरले.