सलोमीआक्का थांबून थांबून का गायची

सलोमीबाई उबाळे ही मिशनच्या एका लहानशा बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. सोलापुरात रेल्वे लायनीच्या पलीकडं तो दवाखाना होता. खाटा झाडायच्या, बाळंतिणींना शेक द्यायचा, बाळं न्हाऊ घालायची, दुपटी धुवायची, हे तिचं काम. नवरा सीलास मिलमध्ये माग चालवणारा साचेवाला. त्यांना मूलबाळ नव्हतं. दवाखान्यात लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणत.

आक्काला देवाची स्तुती केल्याशिवाय काम सुचत नसे. चर्चमधली गीतं तिला पाठ होतीच, पण हात कामात असले की ती स्वतःच्या ओव्या जुळवायची. चाल आईची, जात्यावरची. आईच्या ओव्यांतला भाऊ आणि माहेर काढून तिनं तिथं देवाला बसवलं होतं. सकाळी केर काढताना सूर्याबद्दल स्तुती, चूल पेटली की धुराबद्दलसुद्धा. बाळ जन्मलं की त्याच्या ओल्या कानाजवळ तोंड नेऊन पहिली ओळ ती म्हणायची. आई लिंगायत असो, पद्मशाली असो नाहीतर मुसलमान, कुणी कधी हरकत घेतली नाही. उलट एखाद्या दिवशी ती रजेवर असली तर बाया विचारायच्या, "आज गाणारी आक्का कुटं गेली?"

आवाज खडा होता तिचा. चर्चमध्ये पेटीवाला वरची पट्टी धरायचा ती तिच्यासाठी.

त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला तेव्हा दुष्काळानं सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. दवाखान्याचा नळ आला तर एक दिवसाआड यायचा, तोही कधी येईल याचा नेम नाही. अशा दिवसांत अक्कलकोटकडच्या एका गावातून निंगव्वा नावाची बाई आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव कमलम्मा. पहिलटकरीण, अंगानं किरकोळ, पण सोसायला खंबीर. सकाळी ती बाळंत झाली, मुलगी झाली. निंगव्वा नातीचं तोंड बघून, सुनेसाठी गरम काही करून आणते म्हणून शहरातल्या भावकीच्या घरी गेली.

दुपारी सिस्टर रणभिसे कमलम्माला तपासून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आक्का, हिचं अंगावरून जरा जास्त जातंय. मला आत दुसरीपाशी थांबायचंय, ती अडलीय. तू हिच्याजवळून हलू नको. काही वाटलं तर लगेच हाक मार."

"नाही हलत, सिस्टर."

आक्का स्टुलावर बसली. कमलम्माचा डोळा लागला होता. बाळही निजलं होतं. आणि मग मागच्या पडवीत नळ खोकला.

परवापासून पाणी नव्हतं. मोरीत धुण्याचा ढीग पडला होता, बाळांना गुंडाळायला कोरडं दुपटं उरलं नव्हतं. आक्कानं कमलम्माकडं पाहिलं. ती शांत निजलेली. भिंतीपलीकडं तर जायचंय, आक्काला वाटलं. हाक मारली तर ऐकू येईल की. ती उठली आणि पडवीत गेली.

त्या दिवशी पाण्याला जोर होता. पत्र्याच्या टबात धार पडली आणि असा काही आवाज उठला की आक्काचं मन भरून आलं. ती कपडे चुबकू लागली आणि गळा मोकळा सोडून गाऊ लागली:

दिलंस ऊन बापा, दिलीस सावली,
तुझ्या नावाची गोडी जिवाला लागली.
दिलंस पाणी बापा, भरली घागर,
तुझ्या दयेचा आज उघडा सागर.

पुन्हा पुन्हा तेच गात राहिली. पिळे घालून झाले, बादल्या भरून झाल्या. ओले हात लुगड्याला पुसत ती आत आली, तेव्हा कमलम्माचा एक पाय खाटेखाली लोंबत होता. गादी भिजून लाल झाली होती. ती उठायला गेली असावी आणि अर्ध्यातच कलंडली असावी. तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

आक्का ओरडली. सिस्टर धावत आल्या, डॉक्टरीणबाई आल्या. सलाईन लावली, पोट चोळलं, इंजेक्शनं दिली. पण कमलम्मा हाती लागली नाही. दिवेलागणीच्या आधीच ती गेली.

शेजारच्या खाटेवर नरसम्मा नावाची पद्मशाली बाई होती. पोटाला टाके असल्यामुळं तिला उठता येत नव्हतं. ती रडत आक्काला म्हणाली, "ती तुमाला बोलवत होती, आक्का. 'आक्का, आक्का' करत होती. मी पन हाक मारली. तुमचं गानं लई मोटं होतं."

हे फक्त आक्कानं ऐकलं. नरसम्मा दोन दिवसांनी घरी गेली. सिस्टर रणभिसे एकदाच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं," आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असा रक्तस्राव कधीकधी कुणालाच आवरत नाही. वेळेवर कळतं तर कदाचित काही करता आलं असतं, कदाचित नाही. निंगव्वाला एवढंच सांगितलं गेलं की रक्त फार गेलं, इलाज चालला नाही.

निंगव्वा गरम सांज्याचा डबा घेऊन आली होती. डबा तसाच हातात राहिला. निघताना नातीला पदराखाली घेऊन ती आक्कापाशी आली, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तू लई केलंस गं माझ्या पोरीचं. सकाळपासून पाय चेपत बसलीवतीस. देव तुझं भलं करो."

आक्कानं वाकून पदराखालच्या बाळाचं दुपटं सारखं केलं.

त्या दिवसापासून तिचं गाणं बंद झालं. दवाखान्यात बाळं जन्मत राहिली, ती त्यांना न्हाऊ घालत राहिली, पण कुणाच्या कानात तिनं ओळ म्हटली नाही. आता ती खाटांपासून लांब जातच नसे. नळ आला तर दुसऱ्या बाईला पाठवायची. कुणी नुसतं कूस बदललं तरी उठून उभी राहायची. घरी सीलास एकदा जेवता जेवता म्हणाला, "सलोमी, घरात आवाजच राहिला नाही. काही झालंय का तुला?"

"घसा बसलाय," ती म्हणाली.

घसा किती दिवस बसणार? चर्चमध्ये ती ओठ हलवायची. पुढं पाऊस बरा झाला आणि सुगीच्या उपासनेत ज्वारीची कणसं वेदीपुढं मांडली गेली, तेव्हा पाळकसाहेबांनी तिला गीत सुरू करायला सांगितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि खाली बघत बसली. मंडळीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं दुखणं आहे, कुणी म्हणालं गर्व चढलाय.

सगळ्यात अवघड झालं ते वेगळंच. तिची काळजी, तिचं ते रात्रंदिवस खाटांभोवती फिरणं लोकांच्या डोळ्यांत भरलं. नाताळात दवाखान्याच्या कमिटीनं तिच्या सेवेबद्दल तिला सगळ्यांसमोर लुगडं दिलं. टाळ्या झाल्या. डाळिंबी रंगाचं, चांगल्या काठाचं लुगडं. ती घरी आली, लुगडं ट्रंकेत खाली घातलं आणि ट्रंकेवर बसून रडली. शेवटी सीलासला सगळं सांगितलं. तो तिच्याजवळ ट्रंकेवर बसला. मग म्हणाला, "पाळकसाहेबांकडं जाऊ."

पाळकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सलोमीबाई, तुम्ही पश्चात्ताप केलात. देवानं क्षमा केली आहे, असं धरून चला. आणि स्तुती करण्यात काही पाप नाही."

"देवानं केली असेल, साहेब. पण स्तुती करायला तोंड उघडलं की मला तिची हाक ऐकू येते. तेव्हा ऐकू आली नाही, आता येते. आणि निंगव्वा मला आशीर्वाद देऊन गेलीय. तो आशीर्वाद माझ्याजवळ चोरीच्या मालासारखा पडून आहे."

"म्हातारीची जखम भरत आली असेल. ती पुन्हा उघडून कुणाचं भलं होणार आहे, याचाही विचार करा."

आक्कानं तो विचार केला. एक आख्खं वर्ष केला. एकदा वाटायचं, आपलं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला द्यायचं. एकदा वाटायचं, हे सगळं गप्प बसण्याचं निमित्त आहे. पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं सीलासला सांगितलं आणि अक्कलकोटच्या एसटीत बसली.

निंगव्वाचं घर गावाच्या कडेला होतं. दारात दोन शेळ्या, आणि ओसरीवर दोन वर्षांची एक मुलगी चिंचोके मांडून खेळत होती. निंगव्वानं आक्काला लगेच ओळखलं. "अयव्वा! दवाखान्यातली आक्का! ये की, बस. ही बघ आमची पारव्वा, तूच न्हाऊ घातलीवतीस."

आक्का ओसरीच्या पायरीवर बसली. "अव्वा, मी बसायला नाही आले. तुम्हाला एक सांगायचंय." आणि तिनं सांगितलं. हलू नको म्हणून सिस्टरनी बजावलं होतं ते, नळाला पाणी आलं ते, गाणं, हाक. आपल्या बाजूचं एकही कारण तिनं जोडलं नाही.

निंगव्वा ऐकत होती. ऐकून उठली, शेळ्यांना पाला टाकला, पुन्हा आली, पण बसली नाही.

"किती हाका मारल्या तिनं?"

"ठाऊक नाही, अव्वा. शेजारची म्हणाली, मारत होती."

"आणि मी तुझे हात धरले."

"व्हय."

"ऊठ. जा हितनं."

आक्का उठली आणि गेली. परतीची एसटी यायला वेळ होता. फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली ती बसून राहिली. मन हलकं होईल असं तिला कुठंतरी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट त्या म्हातारीचा चेहरा आता दवाखान्यातल्या त्या दुपारीत मिसळला.

काही वेळानं निंगव्वा येताना दिसली. कडेवर पारव्वा, हातात तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी. तिनं आक्काच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. भाकरी पुढं ठेवली.

"खा. माफ केलं म्हणून न्हाय आणली. माझ्या दारातनं उन्हाचं कुणी उपाशी जात न्हाय, म्हणून आणली."

आक्कानं भाकरीचा तुकडा तोडला.

"काय गात होतीस?" निंगव्वानं विचारलं.

"देवाचं. पाणी आलं म्हणून."

"म्हण."

"अव्वा, मला नाही म्हणता येत. तेव्हापासून—"

"म्हण. माझ्या सुनेनं शेवटाला जे ऐकलं ते मला ऐकू दे."

आक्कानं तोंड उघडलं. दोन वर्षांनी आवाज निघाला तो फाटका. पहिली ओळ झाली आणि कडेवरची पोर कुरकुरली. आक्का तिथंच थांबली, पोरीकडं बघत राहिली. पोर गप्प झाली तशी तिनं दुसरी ओळ म्हटली, पुन्हा थांबली. कुणी हाक मारतंय का, हे ऐकत असल्यासारखी. असं थांबत थांबत चारी ओळी झाल्या.

निंगव्वानं पदरानं पोरीचं नाक पुसलं. म्हणाली, "आवाज चांगला हाय तुझा. म्हणूनच ऐकू आलं नसंल." आणि पाठ फिरवून गावाकडं चालू लागली.

आक्का पुन्हा गाऊ लागली, पण ती तशीच. चर्चमध्ये पहिल्यांदा तिनं ओळीनंतर थांबून घेतलं तेव्हा पेटीवाला गोंधळला, पुढं सरावला. बाकीच्यांना ती तऱ्हाच आवडली. गायनमंडळीतल्या मुलीसुद्धा तशाच थांबायला लागल्या. कुणी कौतुक केलं की आक्का दुसरीकडं बघायची. त्या थांबण्यात ती काय करते ते सीलासला आणि पाळकसाहेबांना ठाऊक होतं. दवाखान्यात मात्र ती स्तुती मनातल्या मनातच करायची, डोळे खाटांवर ठेवून. हातून ती चूक झाली नसती तर आपण हे शिकलोच नसतो, असं तिनं स्वतःला कधी म्हणू दिलं नाही. त्या शिकण्याची किंमत दुसऱ्याच बाईनं दिली होती.

अठ्ठ्याहत्तर साली, मोहरमच्या सुमाराला, दवाखान्यासमोर टांगा थांबला आणि त्यातून निंगव्वा उतरली. कमलम्माच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं. ही नवी सून, शिवबाई, दिवस भरलेली. निंगव्वा सरळ सिस्टर रणभिसेंकडं गेली.

"हिच्याजवळ ती गाणारी बाई बसू दे," ती म्हणाली. "पर गाऊ नको म्हणावं."

आक्का बसली. दिवसपाळी संपली तरी घरी गेली नाही. शिवबाई रडली, ओरडली, शेवटी उजाडता उजाडता मोकळी झाली. मुलगा झाला. त्यानंतरही आक्का तिच्या उशाशीच राहिली, मधूनमधून चादर वर करून बघत, नाडीवर बोटं ठेवत. निंगव्वा भिंतीला टेकून समोर बसली होती. दोघी फारसं बोलल्या नाहीत. दुपारी निंगव्वाचा डोळा लागला, मान एका बाजूला कलली. आक्कानं उठून तिच्या मानेखाली उशी सरकवली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली.