रिकामी खोली ओळखणारा दिवा

वीज वाचवायला लावणाऱ्या घरगुती वस्तू घडवणं हेच तिचं काम, म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं मीटरबाई. उपदेशाने कुणाची सवय सुटत नाही, माणसाला थोडी लाजच वाटायला हवी, हे तिचं ठाम मत. त्यातूनच तिने तो दिवा केला. खोलीत हालचाल दिसली नाही की तो आधी दमल्या जिवाने उसासा टाकायचा, मग विझायचा. ऑफिसात सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पहिले दिवे तिने स्वतःच्याच घरात लावले. उसासा ऐकला की मुलगी जीभ चावत दिवा बंद करायला पळत यायची; नवऱ्याची तर पार खोड मोडली.

घरातच राहणाऱ्या तिच्या बाबांचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. उभा जन्म श्वास रोखून केसाएवढ्या स्प्रिंगांवर वाकलेला माणूस. दुकान बंद झालं, पण न हलता बसणं अंगात मुरलं होतं. दिव्याला ते दिसतच नसत.

एका संध्याकाळी ती त्यांच्या खोलीत शिरली, दिवा लागला आणि ती दचकलीच. बाबा खुर्चीत बसलेले, डोळे सताड उघडे.

"अहो बाबा, अंधारात काय बसलाय? नुसता हात हलवायचा ना!"

"तो म्हणतो, खोलीत कोणी नाही. त्याला खोटं कशाला पाडायचं?"

तिला हसू आलं. पण मग बाबा हाकेला ओ देईनासे झाले. ताट वाढलं की विचारायचे, "हे कुणासाठी?" चेष्टा म्हणावी, तर चेहऱ्यावर हसू नाही. बाबा असे डोळ्यांदेखत हातचे जाणार, तेही तिच्याच दिव्यापायी! तो नेमका कुठे चुकतो, हे तिला शोधायलाच हवं होतं.

बाबांना पलंगावर बसवून ती त्यांच्या खुर्चीत बसली, त्यांच्यासारखीच, हात मांडीवर ठेवून. कानाशी उसासा आला. अंधार झाला. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

मुलीने दार किलकिलं केलं, बाहेरूनच थेट तिच्याकडे पाहिलं. "आई इथे नाहीये!" असं ओरडून तिने दार ओढून घेतलं.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. हात उचलायला गेली, तेही जमेना.

पलंगावरून बाबांचा हात आला आणि मायेने तिच्या हातावर थोपटू लागला. दिवा तरीही लागला नाही.

"सुरुवातीला जड जातं गं," बाबा म्हणाले. "मग सवय होते."