‘ने’वरची टक

१९७१ साल. मी छत्तीस वर्षांचा, नागपुरातल्या एका ठाण्यात हवालदार. शिक्षण चौथी, तीही अर्धी. तरी ठाण्यात जबाब माझ्यासारखा कोणी लिहीत नसे. ही केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

एप्रिलात एका शाळेत फोन आला. शिक्षण कार्यालयातून बोलतो, प्रश्नपत्रिकांत चूक आहे, गठ्ठा चपराशाबरोबर पाठवा. चपराशी गेला. कार्यालयाच्या फाटकाशीच एकानं गठ्ठा घेतला. ऊन असं की त्यानं डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला. नंतर कळलं, कार्यालयानं फोन केलाच नव्हता. चपराशानंच पेपर विकले असं धरून मी त्याला ठाण्यात बोलावून दिवसदिवस बसवू लागलो.

“साहेब, मले काहून बसवून ठेवता? नोकरी गेली तं लेकरं काय खातीन?”

तिसऱ्या दिवशी इंग्रजीच्या बाई आल्या. फोन त्यांनीच घेतला होता.

“हवालदार, तो माणूस माझा विद्यार्थी आहे.”

“आवाज ओळखला?”

“आवाज खरखरत होता. टक ओळखली.”

“बाई, टकेवर कोर्ट कोणाले आत टाकत नाही.”

त्यांनी माझ्या टेबलावर बोट आपटलं. “एक्झामिनेशन. तुकडे पाच. एग्, झॅ, मि, ने, शन. जोर ‘ने’वर. सारं नागपूर हा शब्द सपाट बोलतं. माझी पोरं ‘ने’ आला की बाकावर बोट आपटतात. फोनवरचा माणूसही हाच शब्द बोलला; ‘ने’ आला आणि टक वाजली.”

मी अडून बसलो. बाई माझ्याहून हट्टी. अर्धा तास माझ्याकडून टेबल ठोकून घेतलं. “‘शन’वर नाही गा, हवालदार.”

मग हळू बोलल्या, “माझ्या जुन्या पोरांतला शिकवणी वर्ग चालवणारा एकच. माझा सगळ्यात हुशार. लिहा नाव.”

त्याला बोलावलं. चहा दिला. चोरीचा विषय काढलाच नाही.

“सर, पोरीची परीक्षा आहे. तो मोठा इंग्रजी शब्द मले जमून नाही राहिला.”

तो हसला. “एक्झामिनेशन.” ‘ने’वर बोट टेबलावर पडलं. टक.

“हे कोणी शिकवलं?”

“आमच्या बाईंनी.”

“फोनवर त्यांनी हेच ऐकलं.”

त्याचं बोट टेबलावरच राहिलं. त्यानं विचारलं, “माझं नाव बाईंनी सांगितलं?”

“त्यांनीच.”

मग त्यानं सगळं कबूल केलं. पंचांसमक्ष त्याच्या वर्गातल्या कपाटातून गठ्ठा निघाला.

तोवर मी माणसाचे फक्त डोळे बघत असे. ऐकायला बाईंनी शिकवलं. आणि एका चपराशासाठी आपण घडवलेल्या माणसाचं नाव लिहून देणं, ही हिंमत मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांत पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपराशाला सायकलवर डबलसीट घेऊन शाळेत गेलो. सगळे मास्तर जमल्यावर, अंगावर वर्दी असताना म्हणालो, “या माणसानं काही केलं नाही. चूक माझी होती.”