तीन वाजेपर्यंत पाणी नाही

त्या वर्षी आमची कंपनी उत्तर सरहद्दीवर, पंधरा हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होती. मी हवालदार जोसेफ तायडे, एक नंबर सेक्शनचा कमांडर. घर अकोल्याच्या जुन्या शहरातलं, मोर्णेच्या पलीकडचं. कंपनीत कॅथलिक दोघेच. एक मी आणि दुसरा नाईक पीटर कासदेकर, धारणीच्या पुढच्या एका कोरकू वस्तीतला. वयाने माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण वर्षभर माझ्या सेक्शनमध्ये होता आणि मला उस्ताद म्हणायचा.

राखेच्या बुधवारी आम्ही वरच होतो. तिथपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस आमचा उपवासकाळ असतो. वर चर्च नाही, फादर नाही. मी बंकर गरम ठेवणाऱ्या बुखारीतली, म्हणजे शेगडीतली, राख बोटावर घेतली आणि पीटरच्या कपाळावर क्रूस काढला. मग त्याने माझ्या. दर शुक्रवारी दुपारची ड्यूटी संपली की आम्ही क्रुसाची वाट करायचो. ख्रिस्ताच्या शेवटच्या प्रवासातली चौदा स्थानं असतात, प्रत्येक स्थानापाशी थांबून प्रार्थना करायची. आम्ही ट्रेंचमधल्या चौदा सँडबॅगांवर खडूने आकडे घातले होते. कंपनी कमांडर साहेबांनी एकदा विचारलं, "ये नंबरिंग किसने किया?"

"सर, प्रार्थना के लिए."

"ठीक है. फायरिंग बे के पास मत लिखना."

एवढंच. फौजेत दुसऱ्याच्या देवाला कोणी हात लावत नाही. त्रास झाला तो लंगरमध्ये, म्हणजे आमच्या भोजनघरात, आणि तोही प्रेमाने झाला. आमचा कुक वासुदेव भातकुलीचा. उपवास म्हटलं की त्याचा हात आपोआप साबुदाण्याच्या डब्याकडे जायचा. एका शुक्रवारी त्याने आम्हा दोघांसाठी वेगळी खिचडी केली.

"उस्ताद, साबुदाणा चालते ना तुमच्या उपासाले?"

"आमच्यात तसं काही नसते रे. एकदा पोटभर जेवायचं, मटण खायचं नाही."

"एक टाइम जेवाचं?" तो झारा हातात धरून उभाच राहिला. "मंग तो उपास कायचा? माही माय नवरात्रात नऊ दिवस पान्यावर राह्यते."

सगळे हसले. पीटरही हसला. मला मात्र ते लागलं. जुन्या शहरात माझे वडील धर्मशिक्षक होते. गल्लीत आम्हाला मागून ऐकू यायचं, हे मिशनच्या दुधाच्या डब्यासाठी बाटलेले. वडिलांनी त्यावर कधी भांडण केलं नाही. ते उपवास करायचे. गुड फ्रायडेला, अकोल्याच्या उन्हात, दुपारी तीनपर्यंत म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या घटकेपर्यंत, पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. ओट्यावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे. चर्चने कोणाला पाणी सोडायला सांगितलेलं नाही. तो वडिलांचा हट्ट होता आणि तोच मी घेऊन फौजेत गेलो होतो.

मी वासुदेवला म्हणालो, "गुड फ्रायडेले पाय मंग. तीन वाजेपर्यंत पाणी पण नाही."

शेजारी बसलेल्या पीटरने ताटातून मान वर केली. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी बी, उस्ताद."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर चढण्याआधी बेसवर आम्हाला फौजेचे पाद्री भेटले होते. पीटर तेव्हा स्टोअरमध्ये बूट घ्यायला गेला होता. फादर म्हणाले, "वर ड्यूटीवर असणाऱ्यांना उपवासाचं बंधन नाही. चर्चची सूट आहे. एक प्रार्थना जास्त म्हणा आणि नीट जेवा. कासदेकरला सांग."

मी "यस फादर" म्हणालो. ती सूट मी पीटरला कधी सांगितली नाही. विसरलो नव्हतो. सांगितली असती तर लंगरमध्ये दाखवायला माझ्यासोबत कोणी उरलं नसतं. फौजेत वरून आलेला निरोप खाली न पोचवणं हा गुन्हा आहे आणि नव्या पोरांना हे मी स्वतः शिकवत आलो होतो.

गुड फ्रायडेला आमच्या सेक्शनची लिंक पेट्रोल होती. शेजारच्या पोस्टच्या पेट्रोलला खिंडीत गाठायचं आणि परत यायचं. आठ जवान. सकाळी सहाला निघालो. उंचीवरच्या पेट्रोलचा नियम पक्का असतो. प्रत्येक हॉल्टला सुका मेवा खायचा, पाणी प्यायचं, आणि सेक्शन कमांडरने ते डोळ्यांनी पाहायचं. पहिला हॉल्ट साडेसातला झाला. पीटरने पाऊच उघडला नाही. दुसऱ्या हॉल्टलाही नाही. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. मला त्याचा अभिमान वाटत होता. आज लिहिताना स्वतःची किळस येते, पण तेव्हा अभिमानच वाटला.

साडेनऊला खिंडीत गाठ पडली. दहाला परत फिरलो. अकराच्या सुमारास माझं डोकं ठणकायला लागलं. पीटर मागे होता, पाठीवरचा लोड सारखा करत. मी एका खडकाच्या आडोशाला गेलो, फ्लास्कमधला चहा प्यालो, चार बिस्किटं खाल्ली. तोंड पुसून बाहेर आलो. सूट मला माहीत होती, ती मी माझ्यापुरती वापरली.

बारा वीसला आम्ही शेवटच्या कड्यापाशी पोचलो. तिथे कायमचा दोर लावलेला होता. कमरेचा हुक दोरात अडकवून एकेकाने पलीकडे जायचं. पीटर शेवटी होता.

"कासदेकर, ठीक आहेस?"

"हौ, उस्ताद. किती वाजले?"

"बारा वीस."

"मंग अजून लय हाय."

तो माझ्याशी शेवटचं एवढंच बोलला.

कड्याच्या मध्यावर दोराचा खुंटा आहे. तिथे आधी दुसरा हुक पुढच्या दोरात अडकवायचा, मग पहिला सोडायचा. हे पीटरने शंभरदा केलं होतं. त्या दिवशी त्याने पहिला सोडला आणि दुसरा अडकवलाच नाही. हुक हातात धरून त्याच्याकडे पाहत उभा राहिला, काय करायचं ते आठवत नसल्यासारखा. मी ओरडलो. त्याने मान वळवली आणि त्याचा तोल गेला. बारा पस्तीस.

आम्ही खाली पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. श्वास चालू होता. मी रेडिओवर पोस्टला बोलावलं.

"चार्ली, चार्ली वन. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"चार्ली वन, नाव आणि हालत. ओव्हर."

"नाईक कासदेकर. सीरियस. ओव्हर."

"रेस्क्यू पार्टी निघते आहे. गरम ठेवा. आउट."

मी त्याच्या ओठांना पाणी लावलं. ते गालावरून खाली गेलं. एक पंचावन्नला तो गेला. त्याची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. रेस्क्यू पार्टी यायच्या आत मी ती बर्फात रिकामी केली आणि त्याच्या पाऊचमधले मनुके माझ्या खिशात घातले. बाकीच्या सहा जणांनी ते पाहिलं. कोणी तोंड उघडलं नाही, तेव्हाही नाही आणि चौकशीतही नाही.

संध्याकाळी पाचला कंपनी कमांडर साहेबांनी मला बंकरमध्ये बोलावलं. "तायडे, उसने खाया-पिया था?"

"यस सर. हर हॉल्ट पर."

पाय घसरून मृत्यू, असा रिपोर्ट गेला. पुढच्या वर्षी मी नायब सुभेदार झालो. पेन्शनवर येईपर्यंत माझ्या रेकॉर्डला एक डाग नाही.

मी पापनिवेदन केलं होतं. खाली उतरल्यावर लगेच, त्याच फादरांकडे. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी जपमाळ आणि क्रुसाची वाट दिली. मला वाटलं होतं ते माझ्या बाहीवरची हुद्द्याची फीत उतरवायला सांगतील. जपमाळ मी त्याच दिवशी संपवली. मग मीच माझी शिक्षा वाढवत नेली. चाळीस दिवस चहा नाही, मीठ नाही, गादी नाही. आता अमरावतीत राहतो. आमच्या पॅरिशमधले, म्हणजे इथल्या चर्चचे, लोक म्हणतात, तायडे काकांसारखा उपवासकाळ कोणी पाळत नाही. हे ऐकून घेणं सगळ्यात जड जातं.

या वर्षी पॅरिश कमिटीने ठरवलं की गुड फ्रायडेच्या क्रुसाच्या वाटेत बाराव्या स्थानापाशी, जिथे ख्रिस्त मरण पावतो, शहीद पीटर कासदेकरचा फोटो ठेवायचा आणि त्याच्या पत्नीचा सत्कार करायचा. सेक्रेटरी मॅडम मला म्हणाल्या, "उपवास करत करत देशासाठी गेला म्हणे. किती सुंदर ना, काका! वहिनींना तुम्हीच घेऊन या." उपवासाचं एकदा बोलण्याच्या भरात माझ्याच तोंडून निघालं होतं.

उपवासकाळाच्या चौथ्या शुक्रवारी मी परतवाड्यावरून धारणीची बस धरली, पुढे जीप. पीटरची बायको मार्था वस्तीतल्या अंगणवाडीत स्वयंपाक करते. मी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पोरं ओळीने बसून खिचडी खात होती. तिने मला ओळखलं, हाताने थांबा म्हणाली. पोरांचं झालं, तिने भांडी घासली, मग पदराला हात पुसत समोर येऊन बसली. मी उभाच होतो. उभ्यानेच सगळं सांगितलं. फादरांचा निरोप, चहा, बाटली, मनुके, साहेबांना दिलेलं उत्तर, आणि शेवटी पॅरिशने ठरवलेला फोटो आणि सत्कार.

तिने संपल्यावर विचारलं.

"त्याले मालूम नोयतं? उपास नाई केला तरी चालते म्हून?"

"नाही, वहिनी. मी सांगितलं नाही."

"अन तुमी चाय पेले."

"हो."

एक पोरगी परत येऊन ताटली पुढे करत होती. मार्थाने तिला आणखी एक डाव वाढला आणि मग माझ्याकडे वळली.

"तो फौजेत काहून गेला, मालूम हाय का तुमाले? भरतीत धावाच्या आदल्या दिवशी बी घरात पेजच होती. मले म्हने, मार्था, तिथं दोन टाइम पोटभर भेटते. जेवासाठी गेला तो, भाऊ. देश अन देव मागून आले."



"शाल मले नको," ती पुढे म्हणाली. "अन त्याले येशूच्या बाजूले नका ठेवू. तो येशू नोयता. त्याले भूक लागे." ती आत गेली. दार तिने लावलं नाही, पण मला बोलावलंही नाही.

गुड फ्रायडेला मी बाराव्या स्थानापाशी उभा राहिलो. सेक्रेटरी मॅडमनी लिहून दिलेला कागद हातात होता, तो मी घडी करून ठेवला. जे इथे लिहिलं तेच तिथे बोललो, वेळांसकट. कोणीतरी मागून मोठ्याने 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना सुरू केली, मला थांबवायला. मी थांबलो नाही. चर्चमधून काही लोक उठून गेले. पुढच्या वर्षी क्रुसाची वाट माझ्याऐवजी दुसरा कोणी पुढे राहून करील.

लोक विचारतात, इतक्या वर्षांनी सांगून काय मिळवलंत. काही नाही. फक्त रिपोर्टमध्ये त्याच्या नावापुढे जे लिहिलं आहे ते खोटं आहे आणि ते माझ्या हातचं आहे. पोटभर जेवायला मिळेल म्हणून फौजेत आलेल्या माणसाला मी उपाशी मारलं. त्याचं नाव नाईक पीटर कासदेकर.