शेण्यांची भिंत

लढाई चालू होती आणि मालक पलटणीत होते, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या मानेच्या डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली. सांगलीकडच्या मोठ्या दवाखान्यात ती कापून काढली. खांदा उचलणारी शीर गाठीतच गुंतली होती, ती वाचवता आली नाही. जीव वाचला. खांदा मात्र खाली उतरला आणि डावा हात छातीच्या वर जाईना.

कराडजवळच्या आमच्या गावात हे कुणाला पटलं नाही. जखम भरली, म्हणजे बाई बरी. लुगड्याचा पदर डाव्या खांद्यावर, आणि माझा तोच खांदा उतरता. पदर ठरायचाच नाही. सासूबाई चारचौघींसमोर ओरडायच्या, "मामंजी पडवीत बसल्यात. नवरा लांब गेला म्हनून लाज सोडलीस व्हय गं?" कॅन्सरला मी भ्याले होते, पण या बोलण्यानं माझं डोकं फिरायचं.

पुढं हात वर जात नाही हे दिसलं, तसं जो तो सांगे, तो झोळीत बांधून ठेव. मालक रजेवर आले की त्यांचं दुसरं लग्न लावायचं, हा सासूबाईंचा बेत. जिला घागर डोक्यावर घेता येत नाही ती सून काय कामाची?

डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दुखलं तरी. आमच्या घरात भिंतीवर बोटं चालवणाऱ्या सुनेला थेट देवऋष्याकडं नेलं असतं. मग मी शेणाची पाटी घेतली. शेण्या थापणारीला कोण हटकणार? गोठ्याच्या भिंतीवर डाव्या हातानं थापायला लागले. पहिल्या शेण्या कमरेएवढ्या उंचीवर. मानेपासून कोपरापर्यंत अशी कळ जायची की डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाईंना मनातल्या मनात शिव्या घालायचे आणि पुढची शेणी जरा वर थापायचे. शिव्यांनी हात चांगला चालतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसावं.

मालक रजेवर आले. सासूबाईंनी पडवीतच विषय काढला, "हात गेलाय हिचा. मी पोरगी बघून ठेवलीया."

मी समोरच गोठ्यापाशी शेणात भुसकट कालवत होते. उठले. शेणाचा गोळा घेऊन डावा हात वर नेला, पार वळचणीपर्यंत. पदर घसरला. मामंजींनी मान फिरवली. "पदर!" सासूबाई किंचाळल्या. शेणी चिकटेपर्यंत तळवा दाबून धरला आणि मगच सासूबाईंकडं वळले.

"पडू द्या पदर, आत्याबाई. शेणी पडली न्हाई."

मालकांनी भिंतीवर कमरेपासून वळचणीपर्यंत चढत गेलेल्या शेण्या बघितल्या. "आय," ते म्हणाले, "त्या पोरीच्या बापाला न्हाई म्हनून सांग."

खांदा पुरता कधीच वर आला नाही, पदर आजही घसरतो. त्या दिवशी मी आधी हात धुतले, मगच सावकाश पदर सावरला.