सागवानाचा वास

हे आजपर्यंत मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, डॉक्टरजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ कशाला बोलतोय? तुम्ही कधी लाकडाचा तुकडा घेऊन माझ्या दारात उभे राहणार नाही — एवढंच कारण असावं.

घाटनांदूरला माझं सुतारकामाचं दुकान आहे. काम पिढीजात, पण माझं नाव झालं ते नाकामुळे. रंध्याचा एक हात मारायचा, निघालेला छिलका चुरगळून नाकाशी धरायचा आणि सांगायचं — शिसव, बाभूळ, कडुनिंब. सागवान तर डोळे मिटून. कच्च्या चामड्यासारखा वास असतो त्याला, थोडा तेलकट. त्या तेलामुळेच त्याला वाळवी लागत नाही. लोक वखारीत जाताना मला गाडीवर बसवून न्यायचे, आणि मी चारचौघांत ऐकवायचो — पॉलिश लावलं की डोळा फसतो, ओल असली की वजन फसवतं, पण नाकाला कुणी फसवू शकत नाही. कशाला बडबडलो असेन एवढं?

कोरोनात वास गेला. गावात बऱ्याच जणांचा गेला होता, महिन्या-दोन महिन्यांत परत आला. माझा आला नाही. एकदा घरात वरण करपलं आणि मी शेगडीशेजारीच पेपर वाचत बसलो होतो. बायको धावत आली तेव्हा म्हणालो, विचारात होतो. तेव्हापासून मी फार विचारात असतो असं ती सगळ्यांना सांगते.

तेव्हाच सांगून टाकायला काय झालं होतं? हात शाबूत होते, डोळे शाबूत होते, भाकरीला काही कमी पडणार नव्हतं. पण नाही. छिलका नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि हाताला जे कळलंय ते नाकाच्या नावावर खपवायचं. जमत होतं, म्हणून चालू ठेवलं.

मग धम्मपालचं झालं. जवळच्याच वाडीतला, तिशीतला, आयटीआयला सुतारकाम शिकलेला बौद्ध पोरगा. हात इतका साफ की माझी जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे जायला लागली होती. तेही मला खुपत होतं — हे आत्ता नाही सांगितलं तर सगळं सांगूनही अर्धं राहील. त्यांच्या वस्तीतल्या विहाराला नवा दरवाजा करायचा होता. धम्मपालने एका जुन्या इमारतीच्या पाडकामातून दोन तुळया मिळवल्या. अस्सल सागवान आहे, दरवाजा माझ्या हाताने करून देतो, म्हणाला. तुळया धुराने काळ्या पडलेल्या. कमिटीतल्या एका निवृत्त गुरुजींना शंका आली आणि त्यांनी मला बोलावलं.

विहारासमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. धम्मपालने स्वतःच रंधा मारून छिलका माझ्या हातात दिला. "बगा मामा, तुमीच सांगा," म्हणाला. तोंडावर हसू होतं, कारण त्याची खात्री होती. मी छिलका चुरगळला. बोटांना मेणचटपणा लागला. हात सागवान म्हणत होता, तुम्हाला शपथेवर सांगतो, हात सागवानच म्हणत होता. पण सगळी माणसं माझ्या नाकाकडे बघत होती, आणि नाकात काहीच नव्हतं. एकदम भीती वाटली. हात चुकत असेल तर? आयुष्यभर तर हेच धरून चाललो होतो की वास नाही तर सागवान नाही. आणि त्या भीतीच्या आडून ते खुपणंही पुढे सरकलं.

"लाकूड बरं हाय," मी म्हणालो, "पण सागवान न्हाई. ऐन हाय." ऐन म्हणजे सागवानाच्याच रानात वाढणारं, पण त्याच्याइतकं न टिकणारं झाड.

धम्मपालने छिलका माझ्या हातातून घेतला, स्वतः हुंगला, पुन्हा हुंगला. "मला तर येतोय वास," एवढंच बोलला. कुणी ऐकलं नाही. सुताराच्या घराण्यातल्या माणसाने सांगितलं होतं, तिथे आयटीआयच्या सर्टिफिकेटला कोण विचारतो? त्याच्या स्वतःच्या वस्तीनेही विचारलं नाही. विहाराला लोखंडी दरवाजा बसवायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी बायकोने माझा सदरा धुवायला घेतला. चुरगळताना तुटलेला छिलक्याचा तुकडा मी सवयीने खिशात टाकला होता, तो तसाच राहिला होता. "कुटं सागवानाचं काम काढलंय? खिशाला लई वास हाय," ती म्हणाली.

मी काय केलं? जेवलो. दुसऱ्या दिवशी वाडीला जाऊन चार शब्द बोलता आले असते. मोटारसायकलने किती वेळ लागतो? आठवडाभर रोज उद्या म्हणालो, मग दरवाजा बसला आणि म्हणालो, आता काय उपयोग. माझा मलाच संताप येतो. पण संताप येऊन तरी काय, तोही मी घरात बसूनच करतो.

त्या तुळया धम्मपालने शेळ्यांच्या गोठ्याला खांब म्हणून उभ्या केल्या. मागे एकदा काही कामाने गेलो होतो, तेव्हा त्याने मुद्दाम नेऊन दाखवल्या. तीन पावसाळे लेंड्या-मुतात उभ्या, बुडाला वाळवीचा कणसुद्धा नाही. शेजारच्या बाभळीच्या खांबाचा भुगा झाला होता. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलला. "ऐन असून बी किती टिकलं बगा, मामा."

त्याला माझा राग नाही. त्याने माझं खरं मानलंय, आणि स्वतःचं नाक खोटं. आता तो एकही लाकूड एकट्याने घेत नाही. वखारीतून तुकडा आणतो, माझ्याकडे येतो, थांबतो.

कालही आला होता. रंधा मारून ताजा छिलका माझ्या नाकापाशी धरला. "मला सागवान वाटतंय," म्हणाला, "पण माजं काय खरं न्हाई."

मी डोळे मिटले, श्वास आत घेतला आणि वास आल्यासारखी होकाराची मान हलवली.