कचेरीच्या घड्याळातला सेल

दोन हजार अकराच्या आसपासची गोष्ट. गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या एका सरकारी कचेरीत मी कंत्राटावर दाखले टाइप करायची. एक दिवस गोंदियाचा कॉम्प्युटरवाला खोका घेऊन आला, बिनवायरचा कीबोर्ड अन् माउस टेबलावर मांडला आणि म्हणाला, "मॅडम, एकदम लेटेस्ट है. अब तार का झंझट खतम!" जुना वायरचा माउस त्याच दिवशी सहीशिक्क्यानिशी भंगारात गेला. चार वर्षं बिचाऱ्यानं कधी कुरकूर केली नव्हती.

नव्याला सेल लागायचे. कीबोर्डला दोन, माउसला एक, साधे पेन्सिल सेल. ते बडेबाबूंच्या, म्हणजे आमच्या हेडक्लार्कच्या, कपाटात कुलूपबंद, अन् किल्ली बडेबाबूंच्या करदोड्याला. सेल वापरायचाही त्यांचा नेम ठरलेला. नवा सेल आधी भिंतीवरच्या घड्याळाला. घड्याळ मागे पडायला लागलं की तोच सेल काढून माउसला. माउसमध्येही तो मेला की शिपाईकाका त्याला दातांखाली दाबून पाहायचे आणि खिडकीत उन्हात ठेवायचे, घरून आणलेल्या कुरडयांच्या शेजारी. "ऊन खाल्लं का मंग पाहा कसा पळते!" शिवाय संध्याकाळी कीबोर्ड-माउसचे सेल काढून ठेवायचे. का, तर कचेरी बंद असताना फुकट जळू नयेत.

मी दहादा सांगितलं, "बाबूजी, उलटं करा हो. माउसची भूक मोठी. घड्याळाला त्याचं उष्टंही महिनाभर पुरते."

बाबूजी शांतपणे म्हणाले, "मॅडम, माउस बंद पडला तर लोक थांबतेत. घड्याळ बंद पडलं तर आपण थांबतो."

कप्पाळ!

जुलैत चार दिवस झड लागली. ऊन नाही, म्हणजे सेलही नाहीत. त्यातच एक मुलगी बापाला घेऊन आली, त्या आठवड्यातली तिसरी खेप. नर्सिंगला नंबर लागला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला सगळे कागद दाखवायचे होते. फक्त रहिवासी दाखला राहिला होता. आधीच्या दोन्ही खेपांना माउस थंड होता म्हणून आम्हीच तिला परत पाठवलं होतं. बाप दुसऱ्याच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायचा. प्रत्येक खेपेला त्याचा एक रोज बुडायचा. त्या दिवशी तर तो चिखलाच्या पायांनी तसाच आला होता.

मी अर्ज भरला. कीबोर्ड कसाबसा चालला, पण शेवटचं बटण माउसशिवाय दबेना. कीबोर्डचा सेल माउसला घालून पाहिला, पण त्यात तेवढा जीव नव्हता. बडेबाबूंना सेल मागितला.

"मागच्याच आठवड्यात काढला ना नवा?"

"तो तुम्ही घड्याळाला घातला."

"मंग उद्या पाहू. उद्या ऊन निघन."

मुलगी म्हणाली, "उद्या मले नागपुरात राहा लागते, मॅडम." रडली नाही, भांडली नाही. नुसती उभी राहिली. मला मात्र असा संताप आला की कान तापले.

पावणेपाच झाले होते; पावसात बाजारातून सेल आणेपर्यंत पाच वाजले असते. दाखल्यावर सही करणारे साहेब पाचच्या ठोक्याला उठायचे, तेही केबिनच्या दारातून दिसणारं ते घड्याळ पाहून. मोबाइल सगळ्यांच्या खिशात होते, पण आमची कचेरी सुटायची ती भिंतीवरच्याच वेळेनं. बडेबाबू चहाला टपरीवर गेले तशी मी स्टूल ओढलं. शिपाईकाकांनी ते धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. "लवकर करा. मी काही पाहून नाही राहिलो."

घड्याळातला सेल माउसमध्ये गेला. माउस असा टुणकन पळाला की विचारू नका! मी बटण दाबलं. साइट आपली फिरतेय, फिरतेय. बडेबाबू परत आले, वर पाहिलं, "अजून पंधरा मिनिटं हाय," म्हणून जांभई देत बसले. दाखला छापून निघाला तेव्हा माझ्या मोबाइलवर पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. साहेबांनीही वर पाहिलं. पावणेपाच. त्यांनी आणखी एक चहा सांगितला आणि सही केली. एवढ्या उशिरापर्यंत त्या कचेरीत काम झालेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मुलीनं कागद प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळला अन् बापाच्या मागे एसटीकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली: कार्यालयीन घड्याळ बंद पाडल्याबद्दल खुलासा द्यावा. माउस बंद होता त्याबद्दल कोणी कोणाला काहीच विचारलं नाही. खुलासा अर्धा टाइप झाला तोच कीबोर्ड मेला. उरलेला हातानं लिहिला.

आठवड्यानं ती मुलगी आली. प्रवेश झाला होता. मला वाटलं, पेढे असतील. तिनं ओढणीची गाठ सोडली आणि दोन कोरे सेल माझ्या टेबलावर ठेवले.

"राहू द्या, मॅडम. पुढच्या पोरीले लागतीन."

बडेबाबूंचा हात लगेच पुढे आला. "आणा, कपाटात ठेवतो."

"कपाटात नाही," ती म्हणाली. "मॅडमपाशी."

मी सेल पर्समध्ये टाकले. खाली मान घालूनच टाकले, कारण वर पाहायची लाज वाटली. तिच्या बापाचे तीन रोज आम्ही बुडवले होते, आणि कचेरीला सेल तिनं आणून दिले होते.